हे आले

मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं, शेजारचे कुणी आलेत. कारण आमचे हे हसतात ते नाकातून, फुस्स करून, आणि तेही वर्षाकाठी एखाद्या वेळी. हा आवाज पोटातून आलेला होता. हात पुसत बाहेर गेले, तर हे खिडकीजवळच्या खुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर पुस्तक.

"काय झालं हसायला?"

"अगं, हा लिफ्ट दुरुस्त करणारा स्वतःच लिफ्टमध्ये अडकलाय." यांना पुन्हा हसू आलं. "आणि बाहेर लोक ओरडतायत, लिफ्टवाल्याला बोलवा, लिफ्टवाल्याला बोलवा! आतून हा सांगतोय, आलोय की!"

"चहा गार झालाय तुमचा."

"होऊ दे," म्हणाले आणि पान उलटलं.

इथे माझं दुखणं नीट समजून घ्या. मी कादंबरीकार आहे. प्रेमकथा लिहिते. त्या इतक्या आहेत की कपाटाचे दोन खण भरून काही पलंगाखाली गेल्यात. कुठल्याही वाचनालयात जा, ज्या पुस्तकांची बांधणी सगळ्यात आधी सुटलेली दिसेल ती माझी. आणि माझं प्रत्येक नवं पुस्तक हातात घेऊन आमचे हे काय म्हणाले असतील? "कागद चांगला वापरलाय." एकदा म्हणाले, "ठसठशीत छापलंय हो." पहिलं पान उघडायचं, दोन ओळींवरून डोळे फिरवायचे आणि पुस्तक कपाटात उभं करायचं. यांचं सबंध आयुष्य वजनकाटे तपासण्याच्या खात्यात गेलेलं. मी म्हणायची, जाऊ दे, या माणसाला किलो आणि ग्रॅमपलीकडचं कळत नाही. बाई, संसार आहे, सगळंच कुठे मिळतं.

आणि आता हाच माणूस गार चहा बाजूला ठेवून कादंबरी वाचत होता. पोटातून हसत होता. आणि ती कादंबरी होती टिकटिकची.

टिकटिक म्हणजे माझी टायपिस्ट. होती, म्हणायला हवं. माझं मनगट कामातून गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लिहिणं बंद. बोलणं चालू ठेवा." हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "उलटं काही औषध नाही का?" तर असं मी बोलून लिहायला लागले आणि ही मुलगी माझ्याकडे आली. अंगानं बारीक, बोलायला अगदीच कमी. तिचं तोंड बंद आणि बोटं चालू, म्हणून यांनीच तिचं नाव टिकटिक ठेवलं. ती मला बाई म्हणायची, यांना काका.

मी येरझाऱ्या घालत सांगते. विरामचिन्हांसकट सांगते. "त्यानं तिच्याकडे पाहिलं पूर्णविराम. तिनं मात्र स्वल्पविराम जणू काही झालंच नाही अशा थाटात स्वल्पविराम खिडकी लावली पूर्णविराम." मध्येच घरातलंही चालू असतं. "गॅस बारीक कर गं," "तो कोण ओरडतोय खाली," "माझा चष्मा कुठाय." पण टिकटिकला बरोबर कळायचं, काय पुस्तकात जायचं आणि काय नाही. माझ्या कुठल्याही नायिकेनं ऐन प्रेमात गॅस बारीक केल्याचं तुम्हाला सापडणार नाही. त्याबाबतीत पोर एकदाही चुकली नाही.

एकदाच.

त्या कादंबरीतली नायिका टेलिफोन ऑपरेटर होती. गोष्ट ती स्वतःच सांगते. दिवसभर लोकांच्या बोलण्याच्या तारा जुळवते आणि स्वतःच्या मनातलं एक अक्षर बोलत नाही. तिला आवडणारा माणूस तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहिल्यांदाच येणार असतो. दोघांमध्ये प्रेमाचा शब्दसुद्धा निघालेला नाही. प्रेमकथा लिहिणं म्हणजे दुसरं काय, दोन माणसांना शेवटच्या प्रकरणापर्यंत एकमेकांपासून लांब ठेवायचं. जवळ आणणं कुणालाही जमतं. उशीर करणं हेच कसब, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. तर मी सांगत होते, "जिन्यावर पावलं वाजली पूर्णविराम." आणि नेमकी तेव्हाच आमच्या जिन्यावर पावलं वाजली, कुलपात किल्ली फिरली. मी म्हटलं, "हे आले." म्हणजे आता थांबूया, चहा टाकते.

पुस्तक छापून आलं. त्या पानावर होतं: "जिन्यावर पावलं वाजली. हे आले." आणि खाली नवा परिच्छेद: "तो दारात उभा होता."

सबंध पुस्तकभर तो 'तो' आहे. त्या एका ठिकाणी 'हे' झालाय, आणि लगेच पुन्हा 'तो'. मुद्रितं तपासायचं काम टिकटिकचंच होतं, त्यामुळे मी ते पाहिलं तेव्हा प्रती दुकानात गेलेल्या. तिला चांगली फैलावर घ्यायची असं ठरवून मी बसले होते. तेवढ्यात वाचकांची पत्रं सुरू झाली. एका नर्सनं लिहिलं, "ते दोन शब्द वाचले आणि ड्यूटीवर रडले." मग एका मोठ्या समीक्षकांनी लेख लिहिला. माझं नाव तोवर ते 'लोकप्रिय' असं लावूनच घ्यायचे, आणि तो शब्दही चिमट्यात धरल्यासारखा. ते म्हणाले, लग्न नाही, कबुली नाही, स्पर्श नाही. पण एका सर्वनामापुरती ती त्याची बायको होऊन जाते आणि दार उघडताच परत परकी होते. असं वाक्य आयुष्यात एकदाच लिहून होतं, असंही त्यांनी म्हटलं.

मी टिकटिकला काही बोलले नाही. ती मला काही बोलली नाही. कार्यशाळांमधून मला बोलावणी येऊ लागली आणि विषय ठरलेला, 'सर्वनामाची ताकद'. मी तासभर बोलायची. चांगलंच बोलायची. आणि का नाही बोलायचं? शब्द माझ्याच तोंडून आले होते ना? लेखकाच्या तोंडून काय, कधी, का निघतं हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं? माझं म्हणणं आजही तेच आहे.

पुढे एक दिवस टिकटिक म्हणाली, "बाई, मी थोडं स्वतःचं लिहून बघू म्हणते."

"जरूर बघ," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, बघ, बघ. बोटं चालवणं वेगळं आणि डोकं चालवणं वेगळं.

तिनं लिहिलं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक बुटका, घामट माणूस एका इमारतीतल्या बाईच्या प्रेमात पडतो, आणि ती बाई राहते तळमजल्यावर. तिला लिफ्टची गरजच नाही. एवढीच गोष्ट. त्याच समीक्षकांनी तिच्यावर दोन लेख लिहिले आणि दोन्हींत 'लोकप्रिय' हा शब्द नव्हता.

तर यांचं ते पोटातून हसणं ऐकलं, त्याच दुपारी हे बाहेर गेल्यावर मी ते पुस्तक उचललं. सरळ सांगते, चोरी पकडायला उचललं. इतकी वर्षं माझी वाक्यं तिच्या बोटांतून गेलीत, काही ना काही चिकटलंच असणार. मी पेन्सिल घेऊन बसले. माझी खिडकी लावणारी नायिका शोधली, माझे लांबलेले निरोप शोधले, भिजलेले रुमाल शोधले. पान, पान, पान. पेन्सिल टेकली नाही. एका प्रकरणात ती तळमजल्यावरची बाई लिफ्टच्या दाराशी उभी राहून नुसतं विचारते, "वर काय असतं हो?" आणि तो म्हणतो, "गच्ची." ते वाचलं आणि दूध उतू गेल्याचा वास आला तरी मी उठले नाही.

शेवटपर्यंत वाचलं. माझं काही म्हणजे काही नव्हतं त्यात. एवढ्या वर्षांत माझं एकही वाक्य तिला चोरावंसं वाटलं नव्हतं! अंगाचा तिळपापड झाला. चोरी सापडली असती तर मी तिला माफसुद्धा केलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. हातात बिस्किटांचा पुडा, पायात नव्या चपला, आणि चेहऱ्यावर तेज की काय म्हणतात ते. वाचनालयाच्या सभागृहात तिच्या पुस्तकावर कार्यक्रम होता आणि मी व्यासपीठावर बसावं अशी तिची इच्छा होती.

"तुम्ही आलात तरच बाई. नाहीतर मी पण नाही जाणार."

"अगं, मी कशाला? तुझा दिवस आहे," मी म्हटलं. असल्या वेळी जे म्हणायचं असतं तेच.

हे आतून धावत आले. चक्क धावत. तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. माझ्या प्रकाशकांसाठीसुद्धा यांनी कधी खुर्ची ओढलेली नाही.

"मला एक सांग टिकटिक. ती बाई शेवटी लिफ्टमध्ये बसते का गं? तू लिहिलंच नाहीस."

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"बसते," हे म्हणाले. मग जरा थांबून, "पण तो नसताना बसते."

टिकटिक यांच्याकडे बघत राहिली. "हे मला सुचायला हवं होतं," म्हणाली.

माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसलेल्या लेखिकेला माझा नवरा पुस्तकाबद्दल प्रश्न विचारत होता आणि ती लेखिका मी नव्हते. मी चहाच्या निमित्तानं आत गेले. ती मदतीला म्हणून मागोमाग आली. कप काढता काढता मी विचारलंच.

"ते 'हे आले'. चुकून टाईप केलंस ना गं?"

ती कप पुसत राहिली.

"टाईप चुकूनच झालं, बाई. तुमच्या बोलण्याच्या ओघात हात चालून गेला. तुम्ही चहा टाकायला आत गेलात तेव्हा लक्षात आलं. खोडायला गेले." तिनं कप खाली ठेवला. "पण वाचून बघितलं, आणि खोडवेना."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मुद्रितात?"

"तिथेही ठेवलं. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. रागावला नाहीत, म्हणून मग मीही काही बोलले नाही."

नुसती चूक असती तर परवडलं असतं. चूक कुणाचीच नसते, ती ज्याच्या पदरात पडेल त्याची. पण तिनं ते पाहिलं होतं, तोललं होतं आणि ठेवलं होतं. लेखक याहून वेगळं काय करतो? माझ्या आयुष्यातलं एकमेव वाक्य, ज्याच्यावर मोठी माणसं थांबली, ते ही पोर माझ्या संगणकावर बसून, मी साखर घालत असताना लिहून गेली होती. मी चहाचे कप भरले. एक फुटला असता तर बरं वाटलं असतं, पण माझ्या हातून कप फुटत नाहीत.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. ओळखीचे चेहरे बरेच, माझेच वाचक, आता तिचेही. मी व्यासपीठावर, ती माझ्या शेजारी. हे तिसऱ्या रांगेत कडेला, मांडीवर तिचं पुस्तक घेऊन. ती बोलली थोडंच, अडखळत बोलली, आणि लोकांना तेही आवडलं. मी अडखळले असते तर म्हणाले असते, बाईंचं वय झालं.

मग प्रश्न सुरू झाले. मागून एक तरुण मुलगी उठली.

"तुम्ही बाईंकडे टायपिस्ट होतात. ते 'हे आले' तुम्हीच टाईप केलं असणार. त्या क्षणी काय वाटलं तुम्हाला?"

आता सांगणार ही. आणि का सांगू नये? तिचंच होतं. उद्या पेपरात येणार, परवा ते समीक्षक तिसरा लेख लिहिणार. पलंगाखालची ती सगळी पुस्तकं आणि मी, आमच्याजवळ मग काय उरणार?

टिकटिकनं माझ्याकडे पाहिलं. माईक जवळ घेतला.

"मी फक्त टाईप केलं," ती म्हणाली. "शब्द बाईंचे होते. त्यांनी ते उच्चारले आणि माझे हात थांबले. लिहिणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. तिच्या मोठेपणाला टाळ्या, आणि माझ्याही. लोक माझ्याकडे पाहून हसत होते, माना डोलवत होते.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगातून अशी कळ गेली म्हणून सांगू! लिहिण्यात पुढे गेली, वाचणारा नवरा तिनं पळवला, आणि आता मन मोठं करण्यातही माझ्या पुढे? माझंच वाक्य मला दान करते? नको मला तुझं दान. मी माईक ओढला.

"खोटं बोलते ही," मी म्हटलं. "मी असं काही लिहिलेलं नाही. त्या दिवशी खरोखरच जिन्यावर पावलं वाजली होती. माझा नवरा कामावरून घरी आला होता, म्हणून मी म्हटलं, हे आले. हिनं ते पुस्तकात घातलं. वाक्य हिचं आहे. मी मध्ये चहा करायला गेले होते."

मग सभागृहात हशा फुटला. लोक हसता हसता टाळ्या वाजवायला लागले, काही तर उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, किती निगर्वी! आणि विनोद तरी किती सहज!" आयोजकांनी माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला. मी दोनदा म्हटलं, "अहो, खरंच सांगतेय." त्यालाही हसले.

टाळ्या न वाजवणारी माणसं दोनच होती. टिकटिक खाली मान घालून बसली होती. आणि तिसऱ्या रांगेत आमचे हे, हात मांडीवर, माझ्याकडे टक लावून.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बसस्टॉपवर आम्ही दोघंच. पुष्पगुच्छ कसा धरावा ते मला कळत नव्हतं.

"आज खरं बोललीस," हे म्हणाले.

मी चमकून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

"म्हणजे काय? दारात मीच उभा होतो की." यांनी बसच्या दिशेनं मान वळवली. "आत आलो, तू स्वयंपाकघरात. ती पोर संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलेली. मी पण वाकून बघितलं. मला म्हणाली, काका, तुम्ही आलात इथे."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बरं वाटलं. इतक्या पुस्तकांत एकदा तरी आलो."

मी काही म्हणेपर्यंत यांनीच पुढे सांगितलं, रस्त्याकडे बघत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "म्हणून पुढची पुस्तकं वाचली मी. तू कार्यक्रमांना जायचीस ना दुपारची, तेव्हा. म्हटलं, परत कुठेतरी असेन. नव्हतो. सगळे ते उंच, लांब बोटांचे, घोगऱ्या आवाजाचे." हे नाकातून हसले, फुस्स करून. "हेवा वाटायचा गं त्यांचा. रात्रंदिवस तू त्यांच्याबरोबर. मग सोडून दिलं वाचायचं."

बस आली. हे आधी चढले, जागा धरली, मला आत घ्यायला उठून उभे राहिले. मी म्हटलं, तुम्हीच बसा खिडकीशी. दोन स्टॉप गेले नाहीत तोच यांचा डोळा लागला. डोकं कलंडलं ते काचेकडे. माझ्या कादंबरीत ते शेजारणीच्या खांद्यावर आलं असतं, तेवढी व्यवस्था मी करतेच.

मी नायकांची वर्णनं करून पोट भरलेली बाई. किती खांदे, किती हनुवट्या, किती नजरा. तर मी यांच्याकडे पाहिलं, लिहायचं म्हणूनच पाहिलं. कानावर पांढरे केस होते. माझ्या एकाही नायकाच्या कानावर केस नाहीत. त्यांना काय म्हणावं? राठ? राठ नव्हते. मऊही नव्हते. कानामागे चष्म्याच्या काडीनं पडलेली एक खाच होती, तिला नेमका शब्द मिळेना. कपाळावर एक शीर होती, ती केव्हापासून आहे ते मला सांगता आलं नसतं. 'तो' म्हणून सुरुवात करून पाहिली. वाक्य उभं राहीना. 'हे' म्हणून सुरुवात केली, आणि पुढचा शब्द येईपर्यंत एक सिग्नल गेला.

आमचा स्टॉप आला तेव्हा मी जेमतेम डाव्या भुवईपर्यंत पोचले होते.